बटनांचं घड्याळ

"वहिनी, डावा हात पुढं करा. पट्टा बसतोय का बघू," नियाजभाई म्हणाले.

मी उजवा हात पुढं केला.

"घड्याळ डाव्या हातात घालतात," शेजारून माझा नवरा, धैर्यशील म्हणाला. "एवढं तरी कळतं का नाही?"

एप्रिल महिना, दुपारचे बारा. राजारामपुरीतल्या त्या पहिल्या मजल्यावरच्या दुकानात पंखा होता, पण तो काउंटरपलीकडं फिरत होता. मी पूर्ण बाह्यांचा कुर्ता घातला होता आणि डाव्या बाहीचं बटन मनगटाशी घट्ट लावलं होतं. नियाजभाईंची नजर त्या बाहीवर गेली, तिथं थोडी थांबली आणि परत आली. पट्टा त्यांनी माझ्या उजव्याच मनगटावर बांधला.

"चालतंय की. मनगट ते मनगट," ते म्हणाले.

काचेच्या काउंटरवर तीन घड्याळं मांडली होती. नियाज अत्तार स्वतः लांब पल्ल्याच्या शर्यती केलेला माणूस. उजव्या गुडघ्यावर सायकलवरून घसरल्याची मोठी खूण, आणि बोलणं असं सावकाश की गिऱ्हाइकाला वाटावं, याला विकायची घाई नाही.

"ट्रायथलॉनला साधं घड्याळ चालत नाही," ते सांगत होते. "पोहणं झालं की सायकल, सायकल झाली की पळणं, मधे दम खायला जागा नाही. ह्यात एक बटन दाबलं की पोहणं संपतं, दुसऱ्यांदा दाबलं की सायकल सुरू. आणि तलावात पोहताना हात पाण्याखाली गेला की उपग्रहाचा सिग्नल तुटतो. हात वर आला की घड्याळानं तो पुन्हा पकडला पाहिजे. स्वस्तातली घड्याळं तिथंच मार खातात. दोन किलोमीटर पोहलात तर तीन दाखवतील."

"आणि हे?" मी तिसऱ्या, काळ्या, जाड काठाच्या घड्याळाकडं बोट केलं.

"हे दिसायला दगड आहे. पडद्याला बोट लावून काही होत नाही, सगळं पाच बटनांवर. पण ओल्या हातानं, थंडीत, घामात, कसंही चालतं. बॅटरी सगळ्यात जास्त टिकते. मी स्वतः हेच वापरतो."

मी त्या घड्याळाचं खालचं बटन दाबलं. कट्‌कन आवाज झाला, हाताला कळला. मला तेच पाहिजे होतं. पाण्यातून बाहेर पळत येताना बोटं सुरकुतलेली असतात, डोळ्यांत पाणी असतं. अशा वेळी काचेवर बोट फिरवत कोण बसणार?

पण घड्याळ घ्यायला आम्ही दोघं का आलो होतो, ते सांगायला हवं.

मी एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. घरी तिघंच: मी, धैर्यशील आणि आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई. धैर्यशीलची ट्रॅक्टरची एजन्सी होती. लहानपणी तालमीत घातलेलं अंग, आता पोट सुटलेलं, पण पंजा तोच. पाठीच्या दुखण्यावर उपाय म्हणून मी तिशीनंतर पोहायला लागले आणि पोहता पोहता सायकल आणि पळण्यात पडले. पेपरात एकदा आमच्या गटाचा फोटो आला. धैर्यशीलनं तो एजन्सीत काचेखाली लावला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा, "आमच्या मिसेस." त्या फोटोमुळंच मला पुढची दोन वर्षं पोहायला मिळालं.

दुकानात यायच्या दोन दिवस आधी सकाळी मी राजाराम तलावावरून पाऊण तास उशिरा आले. वारा होता, पाणी उलटं मारत होतं, म्हणून उशीर झाला. फोन काठावर पिशवीत. त्यावर त्याचे एकोणीस कॉल. मी घरात शिरले तेव्हा आत्या स्वयंपाकघरात भेंडी चिरत होत्या. धैर्यशीलनं काही विचारलं नाही. माझं डावं मनगट धरलं, लोखंडी कपाटाच्या दारात ठेवलं आणि दारावर पाठ टेकून उभा राहिला. आत्या विळी तिथंच सोडून अंगणात गेल्या. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग तो म्हणाला, "तू पाण्यात कुठं आहेस ते मला इथं बसून दिसलं पाहिजे. तसलं घड्याळ मिळतं म्हणे. शनिवारी जाऊ."

म्हणून आम्ही आलो होतो.

"ह्यातलं कुठलं माझ्या फोनवर दाखवतं?" धैर्यशीलनं विचारलं. "ही कुठं आहे ते. चालू असतानाच."

"ही दोन्ही दाखवतात," नियाजभाईंनी पहिल्या दोन घड्याळांना हात लावला. "हे बटनांचं नाही दाखवत. घरी आल्यावर बघायचं, कुठं गेलो, किती गेलो."

"मग ते बाजूला करा."

"ह्या दोन्हीत पण साहेब, दाखवायचं का नाही ते घालणाऱ्यानं ठरवायचं असतं. ते बंद करता येतं."

"बंद कोण करणार?"

"ज्याच्या हातात घड्याळ, तो."

धैर्यशील हसला. "आमच्यात नाही कोण बंद करणार. हे मोठ्या पडद्याचं बांधा."

"मला बटनांचं पाहिजे," मी म्हणाले.

आवाज फार मोठा नव्हता. तरी नियाजभाईंचा डबा उघडणारा हात थांबला. अकरा वर्षांत परक्या माणसासमोर मी पहिल्यांदा असं बोलले होते, आणि ते आम्हा तिघांपैकी दोघांना माहीत होतं.

"काय?" धैर्यशीलनं अगदी मऊ आवाजात विचारलं.

"पाण्यात बोटं ओली असतात, अहो. पडदा चालत नाही. आणि माझ्या पगारातनं घेतेय मी."

त्यानं काउंटरच्या खालून हात घातला आणि माझं डावं मनगट पकडलं. बाहीवरून अंगठा नेमका सुजेच्या मध्यावर रोवला. चेहऱ्यावर हसू तसंच.

"मोठ्या पडद्याचं बांधा, अत्तार."

माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. मी काउंटरची कड धरली.

"नको," मी म्हणाले. "बांधू नका."

"मग पोहणंच बंद करू. काय? मिटला प्रश्न."

"मी उद्या पहाटे तलावावर जाणार आहे."

चपराक बसली तेव्हा मला आधी आवाज ऐकू आला, दुखलं नंतर. कानातलं तुटून काचेवर घरंगळत गेलं. दुसरी बसली ती उलट्या हाताची, अंगठीसकट, गाल फाडून गेली. मग त्यानं माझी वेणी मनगटाभोवती गुंडाळली आणि मला जिन्याकडं ओढायला लागला. मी गुडघ्यांवर होते. फरशीवर माझं रक्त पडत होतं आणि मी त्यावरूनच ओढली जात होते.

"साहेब, दुकानात नको," नियाजभाई काउंटरला वळसा घालून आले. पुढं कितीतरी वेळा त्यांनी त्या वाक्याबद्दल माझी माफी मागितली. दुकानात नको, म्हणजे काय, घरी चालेल? पण त्या वेळी तोंडातून तेच निघालं. त्यांनी धैर्यशीलचा दंड धरला. धैर्यशीलनं मोकळ्या हातानं त्यांना छातीत रेटलं. ते मागच्या हेल्मेटांच्या मांडणीवर जाऊन आदळले आणि मांडणी त्यांच्यावर कोसळली.

त्या गडबडीत वेणी सुटली. मी उठायला बघितलं. भिंतीला सायकलींचे हवा भरायचे पंप उभे केले होते, कमरेएवढे, खाली लोखंडी बैठक. त्यातला एक त्यानं उचलला आणि माझ्या पाठीत घातला.

श्वास गेला. पूर्ण गेला. आत घेता येईना, बाहेर सोडता येईना. दुसरा फटका खांद्यावर बसला. मी पोटावर पडले होते आणि मला त्याचे बूट दिसत होते, नुकतेच पॉलिश केलेले. तो बूट मागं गेला. लाथ बरगडीत येणार हे मला कळलं, कारण तो नेहमी तसाच पाय मागं घ्यायचा. मी तो पाय धरला.

पहिल्यांदाच धरला. त्याआधी मी फक्त अंग चोरायची.

इतकी वर्षं पाणी ओढून माझे खांदे काय झाले होते, ते मलाही माहीत नव्हतं. मी त्याचा पाय छातीशी घेऊन उठले. तो एका पायावर नाचला, मागं गेला आणि पाठमोरा त्या काचेच्या काउंटरवर पडला. काउंटर फुटला. तीन घड्याळं, डबे, काचा, सगळं त्याच्याखाली. उजव्या कोपरापासून मनगटापर्यंत हात उभा चिरला गेला. तो उठायला लागला. तोंडानं मला जे म्हणत होता ते लिहिण्यासारखं नाही.

पंप खाली पडला होता. मी तो दोन्ही हातांनी उचलला. डाव्या मनगटातून कळ खांद्यापर्यंत गेली, तरी उचलला.

पहिला मांडीवर मारला. तो परत बसला. दुसरा त्यानं वर केलेल्या हातावर. तिसरा त्याच्या उजव्या खांद्याच्या हाडावर, आणि हाड मोडल्याचा आवाज झाला, वाळलेली फांदी मोडावी तसा.

"अगं, बास," तो म्हणाला. "बास गं. वृषाली."

तो माझं नाव घ्यायचा नाही. मला ए म्हणून हाक मारायचा. त्यानं नाव घेतलं, हात जोडल्यासारखे केले, आणि त्यानंतर मी त्याला आणखी दोनदा मारलं. त्याच खांद्यावर. हे मी मुद्दाम सांगते आहे. लोक ही गोष्ट सांगतात तेव्हा ते दोन फटके गाळतात.

नियाजभाईंनी मागून माझ्या कमरेला मिठी घातली. "वहिनी, सोडा. मरंल तो. सोडा म्हणतो मी." त्यांच्या कपाळातून रक्त येत होतं. मी पंप सोडला.

खाली रस्त्यावर कोणीतरी स्कूटरला किका मारत होतं.

नियाजभाईंनी आपली गाडी काढली. दोघांनी मिळून धैर्यशीलला जिना उतरवला. मी मागच्या सीटवर त्याच्याशेजारी बसले. त्याच्या हातातून रक्त थांबेना, म्हणून नियाजभाईंनी दुकानातला सायकलिंगचा एक कोरा शर्ट दिला होता, तो मी दोन्ही हातांनी त्याच्या चिरलेल्या हातावर दाबून धरला. माझ्या मांडीवर त्याचा हात. गाडी सिग्नलला थांबली तेव्हा शेजारच्या रिक्षातल्या बाईनं आमच्याकडं बघितलं आणि तोंडावर पदर धरला.

"पडलो म्हणायचं," धैर्यशील म्हणाला. डोळे मिटलेले होते. "जिन्यावरनं पडलो आणि काचेवर गेलो. कळलं?"

मी शर्टची घडी बदलून पुन्हा दाबून धरली.

"अत्तार, तुम्हाला कळलं? बायकोनं मारलं म्हणून गावात सांगत फिरणार नाही मी. तुमचं नुकसान भरून देतो. विषय संपला."

नियाजभाईंनी आरशातून माझ्याकडं बघितलं. "वहिनी," ते हळूच म्हणाले, "तुमच्या दृष्टीनं पण तेच बरं आहे. नाहीतर पोलीस आधी तुम्हालाच नेतील. तुम्ही म्हणाल तसं सांगतो मी."

सगळ्यांच्या सोयीचं होतं ते. त्याची अब्रू राहत होती, मी सुटत होते, नियाजभाईंना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागणार नव्हत्या. मी मान हलवली असावी, कारण नियाजभाई पुन्हा रस्त्याकडं बघायला लागले.

दवाखाना आमच्या घराजवळचाच. अपघात विभागात डॉक्टर सरोज हेर्लेकर होत्या. पन्नाशीच्या, बारीक, नाकावर चष्मा. त्यांनी धैर्यशीलला झोपवलं, सलाइन लावलं, हाताला टाके घालायला घेतले आणि खांद्याचा फोटो काढायला सांगितलं. मग केसपेपर ओढला.

"काय झालं?"

"पडलो," धैर्यशील म्हणाला. "जिन्यावरून."

डॉक्टरांचं पेन कागदावर टेकलं, पण चाललं नाही. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. माझा गाल उकललेला, कुर्त्यावर रक्त, त्याचंही आणि माझंही.

त्या बाईंनी दोन वर्षांपूर्वी माझ्या भुवईला पाच टाके घातले होते. तेव्हा त्यांनी विचारलं होतं, काय झालं. मी म्हणाले होते, पडले. न्हाणीघरात. त्याच्या आधी करंगळी मोडली होती, तेव्हा सायकलवरून पडले. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी चार महिन्यांचा गर्भ गेला, तेव्हाही ह्याच खोलीत, ह्याच खाटेवर मी सांगितलं होतं, अंगणात पाय घसरला, पडले. दरवेळी धैर्यशील खाटेच्या पायथ्याशी उभा असायचा. दरवेळी त्या 'पडली' असं लिहायच्या.

"जिन्यावरून," डॉक्टर म्हणाल्या आणि लिहायला लागल्या.

"नाही," मी म्हणाले. "तो पडला नाही. मी मारलं त्याला. पंपानं."

धैर्यशीलनं डोळे उघडले. "डोक्यावर परिणाम झालाय तिच्या."

"पाच वेळा मारलं. शेवटचे दोन तो बास म्हणाल्यावर."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "वृषाली, मी हे लिहिलं की मला पोलिसांना कळवावं लागेल. मग माझ्या हातात काही राहत नाही. केस तुझ्यावर होईल. कळतंय ना?"

"कळतंय. लिहा."

"नीट विचार कर."

"तो पडला असं लिहिलंत, तर मीही पडलेच होते मग," मी म्हणाले. "सगळ्या वेळा."

खोलीत नियाजभाई होते, एक नर्स होती. धैर्यशील म्हणाला, "घरी चल तू." पण त्याला उठता येत नव्हतं, आणि ते त्यालाही कळत होतं.

डॉक्टरांनी 'जिन्यावरून' ह्या शब्दावर आडवी रेघ मारली. बाजूला मी सांगितलं ते लिहिलं, एकेक शब्द मला विचारून. मग ड्रॉवरमधून दुसरा कोरा केसपेपर काढला, माझ्यासमोर स्टूल सरकवलं आणि म्हणाल्या, "बस. बाही वर कर." बाही वर केल्यावर त्या बराच वेळ माझ्या मनगटाकडं बघत राहिल्या. नंतर तोंड फिरवून नर्सला म्हणाल्या, "जुनी रजिस्टरं काढा. माझ्या अक्षरातली आहेत."

पुढचं लांबलचक आहे, थोडक्यात सांगते. दोन्ही केसेस झाल्या, त्याच्यावर आणि माझ्यावर. मला एक रात्र चौकीत काढावी लागली, भावानं जामीन दिला. दूध संघात चर्चा झाली, चौकशी झाली, नोकरी राहिली. नियाजभाईंनी जबाबात सगळं सांगितलं, ते दोन फटकेही. तसं मीच त्यांना बजावलं होतं. चार वर्षं तारखा पडल्या. शेवटी घटस्फोट झाला आणि दोघांच्या वकिलांनी बसून केसेस मिटवल्या. ट्रायथलॉन मी त्या एप्रिलनंतर पुढच्याच वर्षी केली. बटनांचं घड्याळ नियाजभाईंकडूनच घेतलं. बायकांमध्ये शेवटून दुसरी आले.

पण त्या दिवसाचं काय झालं असं कोणी विचारलं, तर मला ह्यातलं काही आधी आठवत नाही. मला आठवतो तो तिसऱ्या आठवड्यातला मंगळवार.

मी भावाकडं राहत होते आणि पुन्हा कामावर जायला लागले होते. अकराच्या सुमारास गेटवरच्या वॉचमननं फोन केला की कोणी म्हातारी भेटायला आलीय. बाहेर आले तर आत्या. नेसूचं इरकल, हातात कापडी पिशवी. पिशवीत माझे दोन कुर्ते आणि पोहायचा चष्मा, घडी घातलेल्या रुमालात गुंडाळलेला.

मला वाटलं, शिव्याशाप द्यायला आल्या. मी मनाची तयारी केली. त्यांच्या एकुलत्या एका मुलाचा खांदा मी मोडला होता.

"बरी आहेस?" त्यांनी विचारलं.

"बरी आहे."

"गालाला वण राहणार."

"राहू दे."

त्या वॉचमनच्या खोलीच्या सावलीला सरकल्या. पिशवी माझ्या हातात दिली, तरी तिचा बंद सोडला नाही.

"त्याला पट्टा बांधलाय," त्या म्हणाल्या. "उजवा हात गळ्यात आहे. सहा आठवडे म्हणाले. मग बघू म्हणाले, वर जातो का."

"आत्या, मी..."

"डावा आहे की," त्या म्हणाल्या.

मला आधी कळलं नाही. मग त्यांनी पदर सारखा करायच्या निमित्तानं खांद्यावरून थोडा खाली घेतला. मानेखाली, गळ्याच्या हाडावर, चार बोटं आणि अंगठा स्पष्ट उमटले होते. काळेनिळे, कडेला पिवळे पडायला लागलेले. त्याच्या खाली जुना एक वण होता, पांढरा पडलेला, निदान वीस वर्षांपूर्वीचा. अकरा वर्षं मी त्या बाईच्या हाताखाली स्वयंपाक केला होता आणि मला वाटायचं, म्हातारपणी थंडी वाजते म्हणून पदर गळ्याशी घट्ट धरतात.

त्यांनी पदर वर घेतला.

"ती डॉक्टरीण," त्या म्हणाल्या, "लिहून घेते ती. रोज असते का?"

"दुपारी दोनपर्यंत असतात."

"माझं वय झालंय. म्हाताऱ्या माणसाचं पण लिहितात का?"

"लिहितात," मी म्हणाले. "चला."

मी आत जाऊन अर्ध्या दिवसाची रजा टाकली, एप्रन काढून ठेवला, पर्स घेतली. साहेबांनी कारण विचारलं, ते मी खरं सांगितलं. बाहेर आले तेव्हा आत्या गेटसमोरच्या रस्त्यावर उन्हात उभ्या होत्या. त्यांनी रिक्षा थांबवून ठेवली होती. मला बघून त्या आत बसल्या आणि माझ्यासाठी पलीकडं सरकून जागा केली.